खडूची राख

हेमराज पाटील माझा कॉलेजपासूनचा दोस्त. मी महावीर. अक्कलकुव्याच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे, वडिलांनी, शांतिलाल शेठनी, थाटलेलं. पहाडातल्या माणसाला लागतं ते सगळं आमच्याकडे मिळतं: घुंगरू, मणी, आरसे, छत्र्या, बॅटऱ्या. हेमराज सपाटीवरचा, शहाद्याकडच्या कळसाडीचा. घरची काळी जमीन, कापूस नि ऊस, बाप भिला आबा गावात वजनदार. धाकटा मुलगा शेतीत न येता हायस्कुलात मास्तर झाला, इथपर्यंत आबांनी गोड मानून घेतलं. पण तो गळ्यात स्कार्फ बांधतो, हाफचड्डी घालतो आणि पोरांना झाडाला दोऱ्या बांधायला लावतो, हे काही त्यांच्या गळी उतरेना. "पाटीलना पोऱ्या नि शिट्टी वाजाडस," असं ते चहाच्या टपरीवर म्हणायचे आणि टपरी हसायची.

हेमराजला त्याचं काही नव्हतं. बाकीच्या शाळांत स्काऊटचा तास म्हणजे मास्तरांना चहाची सुट्टी. याने तो तास धर्मासारखा पाळला. भेटला की डावा हात पुढे करायचा, कारण स्काऊट डाव्या हाताने हस्तांदोलन करतो. माझ्या वडिलांपुढेही त्याने एकदा डावा हात केला होता. ते दिवसभर म्हणत होते, हा पाटील घरून भांडून आलाय का? शाळेत तो प्रथमोपचार असा शिकवायचा की एखाद्या पोराला खरोखर टेबलावर आडवं करायचा. साप चावला तर काय, हाड मोडलं तर काय. लहान मूल तापाने फणफणलंय, मान ताठ झालीय, नजर ठरत नाही, तर मुळीच थांबायचं नाही, उचलायचं आणि दवाखाना गाठायचा. त्याच्या पोरांना हे पाढ्यासारखं पाठ होतं.

त्याची एकच इच्छा राहिली होती. राष्ट्रीय जांबोरी. जांबोरी म्हणजे स्काऊट-गाइडांचा कुंभमेळा. देशभरातून हजारो मुलं येतात, परदेशातली पथकं येतात, मोकळ्या माळावर तंबूंचं गाव वसतं, आठवडाभर नांदतं नि उठून जातं. दर वेळी दुसऱ्याच कुणाचं पथक निवडलं जायचं आणि हा पेपरातले फोटो पाहत बसायचा. मी चिडवायचो, "मास्तर, तुझी जांबोरी आता स्वर्गातच." तो रागवायचा नाही. गप्प बसायचा, त्यावरून मला कळायचं की लागलंय.

आणि मग नंबर लागला. राजस्थानातल्या एका माळावर जानेवारीत जांबोरी भरणार होती, राज्याच्या शोभायात्रेत नंदुरबारचा नाच घ्यायचा ठरलं होतं आणि तो नाच बसवायचं काम हेमराजकडे आलं होतं. नाच कुठला, तर होळीचा. आमच्या सातपुड्यातला बावांचा.

हे बावा म्हणजे काही नाचे नव्हेत. घरात कुणी आजारी पडलं, पीक गेलं, की माणूस देवाला नवस बोलतो आणि होळीला बावा होतो. अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू नि सुके भोपळे. ते झालं दिसणारं. न दिसणारं म्हणजे पाळणी. त्या दिवसांत खाटेवर बसायचं नाही, पायात घालायचं नाही, आपलं आपण शिजवून खायचं, बाईचा हात लागू द्यायचा नाही. नाच हा त्या पाळणीचा शेवट असतो.

हेमराज आधी पहाडातल्या एका आश्रमशाळेत गेला होता, तिथली मुलं न्यायची म्हणून. तिथल्या एका म्हाताऱ्या कारभाऱ्याने सरळ सांगितलं, होळी नाही, नवस नाही, तर टोप डोक्यावर चढणार नाही. दुसरा कुठलाही नाच घ्या, पोरं आनंदाने येतील. पण शोभायात्रेत डोळ्यात भरतो तो टोपच. हेमराज परत आला आणि त्याने आपल्याच शाळेची सपाटीवरची पोरं घेतली.

घुंगरू घ्यायला तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, "जानेवारीत घुंगरू? आणि पाळणी?"

"ते स्टेजवर कोन देखस?" तो म्हणाला.

मी घुंगरू बांधून दिले. व्यापारी माणूस आहे, गिऱ्हाइकाला अडवत नाही. राखेसाठी त्याने शाळेतल्या खडूंची भुकटी करून घेतली होती, राखेपेक्षा उठून दिसते म्हणाला.

जांबोरीहून तो परतला तेव्हा जिल्ह्यात त्याची मिरवणूक निघायची तेवढी बाकी होती. नाचाला ढाल मिळाली होती. आणि एक फोटो सगळीकडे फिरत होता. मोरपिसांचा टोप घातलेला बावा बसलाय, समोर एक पहाडी बाई वाकलीय, तिचं लेकरू जमिनीवर ठेवलंय आणि बावाचा हात त्या लेकराच्या कपाळावर आहे. खाली छापलं होतं, श्रद्धेचा क्षण. ज्याला त्याला तो फोटो आवडला. मलाही आवडला. शाळेने त्याचा मोठा बॅनर करून फाटकावर लावला.

तिसऱ्या दिवशी हेमराजने तो बॅनर स्वतः उतरवला. लोक म्हणाले, काय हा साधेपणा! स्काऊटचा तासही त्याने दुसऱ्या मास्तरांना देऊन टाकला, आणि लोक म्हणाले, आता मोठा माणूस झाला. बिचारा दोन्हीकडून वाजवला जात होता.

मग तो दर बाजाराला अक्कलकुव्यात यायला लागला. कळसाडीहून अक्कलकुवा काही शेजारी नाही. यायचा, माझ्या दुकानात गादीच्या कडेला बसायचा आणि रस्त्याने जाणाऱ्या पहाडातल्या बायांकडे टक लावून बघायचा. बाजार उठला की जायचा. एकदा दोनदा मी काही बोललो नाही. मग म्हटलं, "मास्तर, वहिनीले फोन करू का? ह्या वयमा बाया काय देखी ऱ्हायना?"

तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले. मी नोकराला चहाला पाठवलं, आणि हेमराजने मला सगळं सांगितलं. त्याने सांगितलं तसंच सांगतो.

मुख्य बावाचं काम भाग्येश नावाच्या मुलाकडे होतं. शोभायात्रेच्या सकाळीच अडथळ्यांच्या खेळात त्याचा पाय मुरगळला. ऐन वेळी दुसरा मुलगा कुठून आणायचा? शोभायात्रा काही स्पर्धकांपुरती नव्हती, मास्तर नाचले तरी चालत होतं. हेमराजने शर्ट काढला, अंगावर खडूचे ठिपके काढून घेतले, टोप चढवला आणि स्वतः पुढे झाला. नाच झकास झाला. हजारो मुलं टाळ्या वाजवत होती. त्याला वाटलं, आबांनी हे बघायला हवं होतं.

नाच संपल्यावर तो मैदानाच्या कडेला बसला. परदेशी स्काऊट फोटो काढायला गोळा झाले. एक मोठे पदाधिकारी पाहुण्यांना घेऊन आले आणि हिंदीत सांगू लागले, हे खरेखुरे व्रत पाळणारे लोक आहेत, सातपुड्यातून आलेत. परीक्षकही त्यातच होते. खरेपणाला वेगळे गुण होते. हेमराजने मान डोलावली.

तेवढ्यात ती बाई आली. मैदानावर तंबू बांधायचं काम गुजरातच्या एका मांडववाल्याकडे होतं, त्याच्या मजुरांतली. मणिबेलीच्या बाजूची. धरणात शेत गेल्यापासून तिच्या घरातली माणसं मिळेल तिथे कामाला जात. एवढ्या दूर, परक्या मुलखात तिला आपला बावा दिसला होता. तिने लांबच चपला काढल्या. जवळ आली नाही, कारण बावाला बाईचा स्पर्श चालत नाही. हातभर अंतरावर लेकरू जमिनीवर ठेवलं आणि मागे सरकून वाकली. मग बाजारात बोलतात तशा अहिराणीत तिने विचारलं, "बावा, होळी ते लांब शे. कसाना नवस शे?"

परीक्षकांनी विचारलं, काय म्हणतेय?

हेमराज म्हणाला, "नवस शे, बाई. पोऱ्यास्ना भलाना नवस शे." आणि पाहुण्यांकडे वळून त्याचं हिंदी करून सांगितलं. सगळे खूश झाले.

"मन्हा पोऱ्याले कालदिनपाईन ताप शे," बाई म्हणाली. "राख लाव, बावा."

हेमराजपुढचा चहा गार झाला होता. तो म्हणाला, "महावीर, मी वाकलो नि मला दिसलं. त्याची मान मागे ओढलेली होती. डोळे उघडे, पण नजर ठरत नव्हती. हात लावला तर अंग तव्यासारखं. मी हे वर्गात शिकवतो रे. आणि जांबोरीचा दवाखाना समोरच होता, पांढरा तंबू, लाल खुणेचा. डॉक्टर दारात उभे दिसत होते."

"मग?"

"मग काय. सगळे मोबाईल धरून उभे होते. मला वाटलं, मी मास्तरासारखं बोललो तर सोंग उघडं पडेल. ढाल जाईल. मी त्याच्या कपाळाला खडू लावला आणि म्हटलं, बरं व्हई जाई."

तो पुढे म्हणाला, "आणि ऐक ना, बावा असून सुद्धा सांगता आलं असतं की दवाखान्यात ने. बावाने सांगितलं म्हणून ती धावत गेली असती. हे मला नंतर सुचलं. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त गुण होते."

त्याने ठरवलं होतं, अंग धुतलं की लगेच तिला शोधायचं. पण अंग धुण्याआधी निकाल लागला, मग ढाल, मग फोटो, मग जेवण. संध्याकाळी तो मजुरांच्या पालांकडे गेला तेव्हा मांडववाल्याने निम्मे मजूर दुसऱ्या कामावर हलवले होते. कुठल्या, ते कुणाला धड माहीत नव्हतं. त्याला तिचं नावही ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं की अक्कलकुव्याकडची माणसं आहेत. म्हणून तो बाजारात येऊन बसत होता.

मला त्याचा राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "आमच्या धंद्यात म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तू तर पुण्याचं आणलंस." हे बोललो आणि मलाच शरम वाटली, कारण घुंगरू माझ्याच दुकानातले होते आणि पाळणीचं विचारून मी ते तरीही बांधून दिले होते. पण माझी शरम चहाबरोबर उतरली. त्याची उतरणारी नव्हती. रात्रंदिवस एकच गोष्ट त्याला खात होती, ते पोर जिवंत आहे का. घरी बायकोला सांगितलं नव्हतं, आबांना तर नाहीच. आबा आता टपरीवर फोटो दाखवत होते, मन्हा पोऱ्या म्हणून. ज्या शिट्टीला ते आयुष्यभर हसले तिचं त्यांना कौतुक वाटायला लागलं होतं, आणि नेमकं तेव्हाच हेमराजला बापासमोर मान वर करता येईना.

होळीच्या आधीचा बाजार आमच्याकडे सगळ्यांत मोठा. दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मी घुंगरू मोजून देण्यात गुंतलो होतो, हेमराज नेहमीच्या जागी होता. एक बाई आली, पाठीला तीनेक वर्षांचं पोर बांधलेलं. पोराला तिने खाली सोडलं आणि कमरेचे घुंगरू दाखव म्हणाली, नवऱ्यासाठी. मी सवयीने विचारलं, "नवस शे का?"

"हा. ह्या सायसिंगना नवस शे," ती पोराकडे बोट करून म्हणाली. मग बाजारच्या दिवशी बाया सांगतात तसं, हात न थांबवता, माल चाचपता चाचपता सांगू लागली. लांब कामाला गेलो होतो, शाळेच्या पोरांच्या मोठ्या मेळ्यात. पोर तापाने गेल्यात जमा. तिथे देवच पावला, बावा भेटला. त्याने राख लावली.

मी मान वर केली नाही. हेमराजकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"बावानी सांगं व्हतं, बरं व्हई जाई, म्हनीसन आम्ही थांबनूत," ती म्हणाली. "दुसरा दिन पोऱ्या वाकडातिकडा व्हई गया, मंग सुरतना दवाखानामा लई गयूत. डाक्टर म्हने, उशीर व्हयना. डाक्टरले काय म्हाईत? बावानी राख व्हती म्हनीसन जीव वाचना. फक्त कान गयात. कान देवनी लिधात, जीव ठेवा."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. होता तो आनंद. डॉक्टर चुकले आणि बावा खरा ठरला, याचा.

हेमराज गादीवरून उठला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकली, कुणी गिऱ्हाईक असेल म्हणून. तिने त्याला ओळखलं नव्हतं. पँट-शर्टातला, खिशाला पेन लावलेला माणूस तिच्या लेखी कुणी बावा असणं शक्यच नव्हतं. माझी नजर त्याला सांगत होती, बस खाली, जाऊ दे. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. पोर जिवंत आहे, बाई सुखात आहे, नवस फिटू दे. कुणाचं काय अडलंय?

हेमराज पोराच्या मागे जाऊन उभा राहिला. पोर फळीवरच्या आरशात बघत होतं. त्याने हाक मारली, "सायसिंग." पोर वळलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली, पोर आरशातच रमलेलं.

"त्याले आयकू येत नही," बाईने त्याला समजावून सांगितलं, चांगल्या मनाने.

हेमराज खालीच बसला, चपला नि धुळीत, तिच्या पायांपाशी. शाळेतल्या मराठीत सुरुवात केली आणि मग ती मराठीही त्याला सोडून गेली. "बाई, तो बावा मी व्हतू. मी बावा नही, मास्तर शे. नवस नही, काही नही, नाच व्हता. ती राख नव्हती, खडू व्हता. पोऱ्याना ताप मी वळखेल व्हता. दवाखाना समोरच व्हता, मले म्हाईत व्हतं." एवढं बोलला. माफ कर असं म्हणाला नाही. मला वाटतं, ते मागायचीही त्याला लाज वाटली असावी.

बाई त्याच्याकडे बघत राहिली, जणू त्या चेहऱ्यावर ठिपके काढून बघत होती. मला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या घालेल, चार माणसं गोळा करेल. हेमराजला तेच हवं होतं, हे त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसत होतं. तिने त्याला मारलं असतं तर तो माणसात आला असता.

तिने यातलं काहीच केलं नाही. पोराला आरशापासून ओढून घेतलं, त्याचे दोन्ही कान आपल्या तळव्यांनी झाकले, जणू त्याला ऐकू जाईल, आणि हळूच म्हणाली, "मंग तव्हाच सांगाले पायजे व्हतं ना, दादा."